फुप्फुसं धुऊन मिळतील

संत्र्यांच्या गोदामाबाहेर सकाळी आठपासून रांग लागायची. गोदाम उघडायचं दहाला. तरी आमच्या वॉलमुल गावच्या म्हाताऱ्या पाठीला पिशव्या अडकवून, एकमेकींना कोपरं मारत, दोन तास आनंदाने उभ्या राहायच्या. दारात दोन हसऱ्या मुली प्रत्येकीच्या हातात नूडल्सचं पाकीट आणि टॉयलेट पेपरचे दोन रोल ठेवायच्या. आत चटया अंथरलेल्या. आधी जुनी गाणी, मग टाळ्या, मग त्या मुली म्हाताऱ्यांचे पाय चेपून द्यायच्या. ज्या बाईचे पाय पोटच्या लेकीने दहा वर्षांत चेपले नाहीत, तिचे पाय परकी पोर चेपते म्हटल्यावर ती पुढे काय वाटेल ते ऐकायला तयार होते. हे त्या धंद्यातल्या माणसांना बरोबर ठाऊक असतं.

आणि मग चंगउन गुरुजी यायचे. पांढरे सैल कपडे, छातीपर्यंत दाढी, चाल अशी की जमिनीवर उपकार करताहेत.

"फेब्रुवारीत ज्यांना ताप आला होता, त्यांनी हात वर करा."

दीडशे हात वर.

"खोकला गेला, ताप गेला. पण दम? जिना चढताना दम लागतो की नाही?"

"लागतो!"

"लागणारच. विषाणू मेला, पण त्याची राख फुप्फुसात बसली आहे. चुलीतली राख काढली नाही तर चूल पेटेल का? डॉक्टर काय करतो? फोटो काढतो. राखेचा फोटो काढून राख निघते का हो?"

गोदाम हसायचं. मग काचेचं मोठं भांडं यायचं. आत हाल्ला डोंगराच्या 'गुप्त झऱ्याचं' पाणी, आरशासारखं नितळ. गुरुजी एखाद्या म्हातारीला पुढे बोलवायचे, हातात बांबूची नळी द्यायचे आणि म्हणायचे, "फुंका."

ती फुंकायची. बुडबुडे यायचे आणि अर्ध्या मिनिटात ते नितळ पाणी ताकासारखं पांढरंफटक व्हायचं.

"अगं बाई!" अख्खं गोदाम एका तोंडाने ओरडायचं.

"ही तुमची राख," गुरुजी हळू आवाजात म्हणायचे. आणि मग स्वतःच्या काळ्या बाटलीतला दोन चमचे अर्क त्या भांड्यात ओतून ढवळायचे. बघता बघता पाणी पुन्हा नितळ.

"जे भांड्यात झालं, तेच छातीत होणार. शंभर दिवस, रोज दोन टोपणं."

अशी त्यांची फुप्फुसांची धुलाई.

मी बू मिरयंग. गावच्या सरकारी आरोग्य उपकेंद्राची नर्स, आणि याच गावची लेक. ज्या बायका त्या रांगेत उभ्या होत्या त्यांनी मला अंगाखांद्यावर खेळवलं आहे. त्यातल्या निम्म्या पाणबुड्या. आमच्या जेजू बेटावर बायका दम रोखून समुद्राच्या तळाशी जातात आणि शंख काढून आणतात. पाठीवर टाकी नाही, नळी नाही, जे काही आहे ते स्वतःच्या छातीत. त्यांच्या फुप्फुसांवर घरं उभी राहिली, पोरं शिकली. मीही त्यातलीच एक पोर.

म्हणूनच ह्योन गेसुन मावशीचं दुखणं मला जिव्हारी लागलं होतं. गेसुन मावशी सदुसष्ट वर्षांची. पंधरा मीटर खोल जाणारी, पहिल्या फळीतली पाणबुडी. फेब्रुवारीत गावात साथ आली तेव्हा ती एकोणीस दिवस शहरातल्या इस्पितळात ऑक्सिजनवर होती. घरी आली तेव्हा मोरीपर्यंत जाऊन यायचं तर मध्ये खुर्ची ठेवावी लागे. मे महिन्यात ती बाजारापर्यंत चालू लागली. जूनमध्ये गुरुजी आले, आणि तिथून पुढच्या प्रत्येक पावलाचं श्रेय काळ्या बाटलीला जाऊ लागलं.

"मावशी, मे महिन्यात तू बाजारात गेलीस तेव्हा कुठली बाटली होती गं?" मी विचारलं.

"तेव्हा मी धापा टाकत गेले होते."

"आणि मार्चमध्ये?"

"मार्चमध्ये जातच नव्हते."

"म्हणजे तुझी तू बरी होत होतीस."

"तू वकील व्हायला हवी होतीस," ती म्हणाली आणि माझ्यासमोर टोपण भरून अर्क प्यायली. आंबट असावा. तोंड वेडंवाकडं केलं तिने.

मीही एकदा त्या गोदामात गेले. गुरुजींनी मला ओळखलं. "या, नर्सबाई या! दिवसभर लोकांचा खोकला गिळता, तुमची छाती तर राखेचं कोठार असणार." मला नळी दिली. मी फुंकलं. पाणी पांढरं झालं. बायका चुकचुकल्या. खोटं कशाला सांगू, मीही फसले. इतकी वर्षं छातीचे आवाज ऐकणारी मी, आणि त्या भांड्याकडे बघून मला वाटलं, खरंच काही असेल का? डोळ्यांपुढे घडलेली गोष्ट माणसाच्या अकलेला अशी एका क्षणात खाली बसवते.

ऑगस्टमध्ये को थेकसू काकांचं प्रकरण झालं. काकांची फुप्फुसं सगळ्यात जास्त बिघडली होती. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं यंत्र दिलं होतं. गुरुजी म्हणाले, "यंत्राच्या कुबड्या घेतल्यात तर छाती आळशी होईल." काकांनी यंत्र गोठ्यात नेऊन ठेवलं. पाचव्या दिवशी ओठ निळे पडलेल्या अवस्थेत त्यांना रुग्णवाहिकेत घातलं ते मी. वाचले, पण पंधरा दिवस अतिदक्षता विभागात होते.

गुरुजींनी दुसऱ्या दिवशी गोदामात डोळे मिटून सांगितलं, "थेकसूंची श्रद्धा गळकी होती."

बरा झालास तर अर्काने, मरायला टेकलास तर स्वतःच्या दोषाने. याला म्हणतात धंदा.

मला सगळ्यात भीती होती ती ऑक्टोबरची. इथे उन्हाळ्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत शंख काढायला बंदी असते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात समुद्र खुला होतो. आणि गुरुजींनी जाहीर केलं होतं, की समुद्र खुला व्हायच्या आदल्या दिवशी गेसुन मावशीला लाल शिक्क्याचं 'शुद्ध श्वासा'चं प्रमाणपत्र मिळणार. दुसऱ्या दिवशी ती पाण्यात उतरणार.

मी तिला धक्क्यावर गाठलं. बोटाला चिमटा लावला. बसलेली असताना ऑक्सिजन शहाण्णव. "आता त्या चढावरून वर जाऊन ये." ती गेली, आली. सत्त्याऐंशी.

"बघ."

"तुझ्या चिमट्याचे सेल गेले असतील."

"मावशी, चढावर सत्त्याऐंशी, तर पंधरा मीटर खाली दम रोखल्यावर किती? तिथे शुद्ध गेली तर ओरडायलाही तोंड उघडता येत नाही."

"मिरयंग," ती समुद्राकडे बघत म्हणाली, "आठ महिने झाले. किनाऱ्यावर बसून दुसऱ्यांची जाळी धुते मी. तुझे डॉक्टर म्हणतात 'बघू', 'तीन महिन्यांनी या', 'सांगता येत नाही'. हा माणूस म्हणतो 'जा'. मी कुणाचं ऐकू?"

मी चिमटा पिशवीत टाकला आणि उपकेंद्रात परत आले.

उत्तर तिनेच आणलं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ती सकाळीच उपकेंद्रात आली, हातात काचेचा पेला जपून धरलेला. चेहरा उतरलेला.

"गुरुजींनी घरी रोज फुंकून बघायला झऱ्याच्या पाण्याची बाटली दिली होती. काल संध्याकाळी पेल्यात ओतून ठेवलं आणि विसरले. सकाळी बघते तर हे."

पाण्यावर पांढरी, पातळ साय धरली होती. बोट लावलं तर पापडीसारखी तडकली.

"घरात विषाणू आहे गं," ती कुजबुजली. "कुणी फुंकलं नाही, तरी पाण्यात उतरला."

मी त्या पापडीकडे बघत राहिले आणि एकदम हसू आलं. ही साय मी लहानपणापासून बघत होते! आमच्या बागेत, संत्र्यांच्या झाडांखाली टाकायला जो चुना आणतात, तो कालवलेली बादली उघडी राहिली की दुसऱ्या दिवशी वरच्या पाण्यावर अगदी अशीच पापडी धरते. बाबा काठीने ती फोडायचे.

"मावशी, बस. कुठे जाऊ नकोस."

शेजारच्या बागेतून मूठभर चुना आणला. पाण्यात कालवला, खाली बसू दिला, वरचं नितळ पाणी कापडातून गाळून घेतलं. चुन्याची निवळी. शाळेत आठवीत शिकवतात, आणि परीक्षा झाली की आपण विसरतो. पेला मावशीपुढे ठेवला. दिसायला गुप्त झऱ्याइतकाच पवित्र.

"फुंक."

तिने फुंकलं. पांढरं.

"आता हे बघ." फ्रीजमधून लिंबू-सोड्याची बाटली काढली, बुचाला भोक पाडून सलाइनची नळी घातली, नळीचं दुसरं टोक निवळीच्या नव्या पेल्यात सोडलं आणि बाटली हलवली. सोड्याचा वायू बुडबुडत पाण्यात गेला. पाणी पांढरंफटक.

मावशीचे डोळे बाटलीवर खिळले.

"आपण श्वास सोडतो त्यात जो वायू असतो, तोच सोड्यात भरलेला असतो," मी म्हटलं. "तो चुन्याच्या निवळीत गेला की खडूसारखी बारीक भुकटी तयार होते. म्हणून पांढरं दिसतं. हवेतही थोडा असतो, म्हणून रात्रभरात साय धरली. तान्हं मूल फुंकेल तरी पांढरं होईल. न होण्यासाठी श्वास बंद व्हावा लागेल."

"आणि अर्क?"

मी स्वयंपाकाच्या कपाटातलं आलुबुखाराचं व्हिनेगर काढून दोन चमचे ओतलं. ढवळलं. पाणी नितळ.

"आंबट पदार्थात ती भुकटी विरघळते. तुझी काळी बाटली आंबट लागते ना?"

तिने पेला उचलून उजेडात धरून बघितला. मला वाटलं होतं संतापेल, शिव्या घालेल. तिने फक्त विचारलं, "म्हणजे माझी छाती साफ झालेली नाही."

त्या माणसाने काय विकलं होतं ते मला तेव्हा कळलं. अर्क नव्हता तो. समुद्र विकला होता तिला, आणि मी तो तिच्या हातातून काढून घेत होते.

"नीट सांगू?"

"नीटच सांग. गोड नको."

"फुप्फुसात राख-बिख काही नसते. कोट्यवधी बारीक फुगे असतात, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ भिंतींचे. त्या भिंतीतून हवा रक्तात जाते. विषाणू त्या भिंतीतच शिरला. त्याच्याशी लढताना तुझ्याच शरीराने तिथे सूज आणली, फुग्यांत पाणी भरलं. इस्पितळात तू गुदमरत होतीस ती त्यामुळे. मग लढाई संपली, पाणी ओसरलं, भिंती पुन्हा बांधल्या जाऊ लागल्या. हे काम हळू चालतं. तीन महिन्यांत बरंच होतं, काहींचं सहा महिने, वर्षभर चालू राहतं. तुम्हा पाणबुड्यांतल्या थोरल्या बोकसिल आजीला हलका आजार होता, तिची छाती पूर्ण भरून आली. तुझ्या फुप्फुसांच्या तळाला मात्र व्रण राहिले आहेत. तुझा पाण्यातला सूट फाटला की तू गोंद लावून ठिगळ मारतेस ना?"

"हं."

"पाणी आत येत नाही, पण तेवढी जागा पूर्वीसारखी ताणली जात नाही. तसं आहे. आणखी सुधारेल का? बहुतेक थोडं सुधारेल. किती, ते मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही. म्हणून ते 'बघू' म्हणतात."

"हे मला आधी कुणी असं सांगितलं असतं तर," ती म्हणाली.

ते खरं होतं, आणि मी मान खाली घातली. आम्ही तिला आकडे दिले होते आणि पुढच्या तारखा दिल्या होत्या. बाजूला बसून कुणी सांगितलं नव्हतं. त्या पोकळीत दाढीवाला येऊन बसला.

ती उठली. "प्रमाणपत्र देतील त्या दिवसासाठी सोड्याची आणखी एक बाटली आण. मोठी."

प्रमाणपत्राच्या दिवशी गोदाम तुडुंब होतं. गुरुजींनी मावशीला वर बोलावलं, ध्वनिवर्धक तिच्या हातात दिला. "सांगा, गेसुनताई, आपला अनुभव सांगा!"

"सांगते. पण आधी गुरुजी, तुम्ही एकदा फुंका. शुद्ध छाती कशी असते ते लोकांना दिसू दे."

गुरुजी हसले. "माझा श्वास भांड्याला सोसायचा नाही."

"भांडं फुटलं तर मी नवं देईन."

मागून कुणीतरी खिदळलं. "फुंका की महाराज! एवढी आमची राख बघितलीत, तुमची बघू दे!"

"हा श्रद्धेचा विषय आहे, तमाशाचा नाही."

"बरं, राहू दे," मावशी म्हणाली आणि पिशवीतून सोड्याची बाटली काढली. नळी भांड्यात सोडली, बाटली दोन्ही हातांनी गदगदा हलवली. झऱ्याचं गुप्त पाणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ताक झालं.

"गुरुजी," तिने ध्वनिवर्धकातच विचारलं, "या बाटलीला फेब्रुवारीत ताप आला होता का हो?"

पहिल्या ओळीतली एक म्हातारी फसकन हसली. मग जो हशा उठला तो पत्र्याला भिडला. हसणाऱ्यांत पाय चेपणारी एक मुलगीही होती. तिने चटकन तोंडावर हात घेतला.

मावशीने व्हिनेगर ओतलं. नितळ. मी पुढे होऊन नळाच्या पाण्याचं दुसरं भांडं ठेवलं आणि म्हटलं, "आता ज्याला हवं त्याने यात फुंका." तीन जणींनी पोट दुखेपर्यंत फुंकलं. पाणी पाण्यासारखं राहिलं. मी चुना दाखवला, निवळी दाखवली, सगळं सांगितलं. ज्या गोदामाच्या कोपऱ्यात बागेच्या चुन्याची पोती रचलेली होती, त्याच गोदामात हा गृहस्थ तीन-चार महिने अख्ख्या गावाला चुना लावत होता आणि आमच्यापैकी एकाचीही नजर पोत्यांकडे गेली नव्हती!

"दुष्ट शक्ती शिरली आहे यांच्यात," गुरुजी ओरडले.

बोकसिल आजी उभी राहिली. चौऱ्याहत्तर वर्षांची, सगळ्या पाणबुड्यांची मुख्य. तिचं बरं होणं हीच गुरुजींची मोठी जाहिरात होती. तिने माझ्याकडे बघितलं. "पण मी तर बरी झाले गं मिरयंग. ते खोटं आहे का?"

"ते खरं आहे, आजी. तुझ्या छातीने तुला बरं केलं, आणि मधल्या इतक्या महिन्यांच्या काळाने केलं. या माणसाने फक्त त्यावर स्वतःचं नाव चिकटवलं."

आजी गुरुजींकडे वळली. "मग थेकसूचं नाव काय म्हणून चिकटवत नाहीस रे तुझ्या बाटलीवर? त्याला अतिदक्षता विभागात कोणत्या अर्काने नेलं?"

गुरुजी श्रद्धेबद्दल काहीतरी बोलायला लागले, पण पहिल्या ओळीतल्या म्हाताऱ्यांनी नूडल्सची पाकिटं त्यांच्या पायाशी परत टाकायला सुरुवात केली होती. टॉयलेट पेपर मात्र कुणी परत केला नाही. आमच्या गावचा व्यवहार असा आहे.

तक्रार झाली. गाशा गुंडाळून निघालेले गुरुजी बंदरावर खोक्यांसकट सापडले. नाव निघालं मा गिलदू. यापूर्वी चुंबकाच्या गाद्या विकायचे. दाढी मात्र खरी होती.

सगळे शहाणे झाले असं नाही. "पण माणूस किती गोड बोलायचा," असं आजही दोघी-तिघी म्हणतात. थेकसू काका यंत्र गोठ्यातून घरात आणून त्याच्या शेजारी झोपतात.

गेसुन मावशी त्या ऑक्टोबरात पाण्यात उतरली नाही. समुद्र खुला झाला त्या सकाळी ती धक्क्यावर बसली होती, आणि मैत्रिणी एकेक करून पाण्याखाली जाताना बघत होती. मी जवळ बसले. ती रडली, मीही रडले. दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या सांगण्याप्रमाणे रोज चालू लागली, श्वासाचे व्यायाम करू लागली, मला शिव्या देत. एप्रिलमध्ये पुन्हा सीटी स्कॅन झाला. सावल्या कमी झाल्या होत्या, तळाचे व्रण तसेच होते. चढ चढून आल्यावर ऑक्सिजन त्र्याण्णव. डॉक्टरांनी परवानगी दिली ती अर्धीच. खोल जायचं नाही, एकटीने जायचं नाही, दम फार रोखायचा नाही. आता ती नवशिक्या पोरींच्या उथळ पाण्यात काम करते. "इथले शंख बोटाएवढे असतात," अशी कुरकुर करते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते.

हे सगळं लिहिलं ते एका कारणासाठी. गिलदू पकडला गेला, पण त्याचा धंदा काही पकडला गेला नाही. तुमच्याही गावात कुणीतरी दाढी वाढवत असेल. तो तुमच्या डोळ्यांना एक चमत्कार दाखवेल. तेव्हा एवढंच करा. जे आजाऱ्याच्या हातून घडलं, ते धडधाकट माणसाच्या हातून घडतं का ते बघा. दाखवणाऱ्यालाही तेच करायला सांगा. औषधाने बरे झालेले मोजाल तेव्हा औषधाशिवाय बरे झालेलेही मोजा, आणि जे बरे झाले नाहीत त्यांच्या घरी जाऊन या. आणि आम्हा डॉक्टर-नर्सांनाही सोडू नका. आमची बाही धरा, खुर्चीवर बसवा आणि म्हणा, नीट सांग, गोड नको. आम्ही कधी कधी "माहीत नाही" म्हणू. ते ऐकायला कडू लागेल. पण बिघडलेल्या फुप्फुसांबद्दल ज्याला सगळंच माहीत आहे, त्याच्यापासून तुमची छाती सांभाळा.